स्लॅबचं जेवण

हंबीररावांनी स्लॅबचा दिवस ठरवला तो पंचांग बघून नव्हे, मटणाचा वार बघून.

ख्वाजा मिस्त्रीनं सोमवार सांगितला होता. सोमवारी मिक्सर मशीन आणि त्याच्यावरची पंधरा माणसं मोकळी होती. सकाळी सातला माल ओतायला सुरुवात केली की दुपारी दोनच्या आत सगळा स्लॅब पडतो, असा त्याचा अंदाज. पण सोमवारी मटण कसं करायचं? स्लॅबच्या दिवशी कामगारांना मटणाचं जेवण घालायचं, ही गगनबावड्याच्या रस्त्यावरल्या सगळ्याच गावांची रीत. हंबीररावांच्या घरात सोमवार पाळत, गुरुवार पाळत, शनिवार मारुतीचा. मधल्या वारी मुलाला, ऋतुराजला, कारखान्यात सुट्टी मिळेना. म्हणून रविवार. रविवारी मशीन आधी दुसऱ्या गावचं काम उरकून मग येणार होतं. हंबीरराव म्हणाले, येऊ दे की जरा उशिरा, घर काय कुठं पळून जात नाही.

ख्वाजानं मान हलवली. वीस वर्षं तो या गावात घरं बांधत होता. मालकानं एकदा मटणाचा वार धरला की मिस्त्रीचं काही चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

बायडाबाईला वाराशी देणंघेणं नव्हतं. तिला न गळणारं छप्पर हवं होतं, बाकी काही नको. पन्हाळ्याच्या बाजूनं ती या घरात नांदायला आली त्याला तेहतीस वर्षं झाली, आणि तेहतीस पावसाळे तिनं खापरी कौलांखाली भांडी मांडली होती. सात गळत्या, सात भांडी. देव्हाऱ्यापुढं तांब्या, चुलीशेजारी परात, सोप्यात बादली. वीज गेली तरी तिचा पाय कुठल्या भांड्याला लागत नसे. ह्या भागात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नाही. त्या आठ दिवसांत बायडाबाईचं काम एकच, भांडी रिकामी करत घरभर फिरायचं. दिवाळीनंतर जुनं घर पाडलं तेव्हा शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले. हिनंही लावला, पण जेसीबीनं कौलं खाली ओढली तशी ती पदराआड हसली.

तेव्हापासून सगळं बिऱ्हाड म्हशींच्या पत्र्याच्या शेडमध्ये. एका अंगाला दोन म्हशी, दुसऱ्या अंगाला हंबीरराव, बायडाबाई, ऋतुराज आणि त्याची बायको क्रांती, मध्ये साडीचा पडदा. मार्च लागला तसा पत्रा तापू लागला. म्हशींनी दूध कमी केलं, क्रांतीच्या अंगावर घामोळं उठलं, आणि बायडाबाईचं एका जागी बसणं सुटलं. दिवसातून दहा वेळा ती नव्या भिंतींमधून फिरून यायची. इथं चूल नाही, गॅसचा ओटा येणार. इथं देव. वर बघितलं की मोकळं आभाळ दिसायचं. पाऊस यायच्या आत वर झाकण पडलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तर रविवार उजाडला. सोमवारी सातला आलं असतं ते मशीन साडेनऊला आलं. नारळ फुटला, गुलाल पडला, आणि दहाच्या सुमाराला पहिलं घमेलं वर गेलं.

शेडमागं बायडाबाईनं विटांच्या चुली मांडल्या होत्या. बोकड गावच्या मुलाण्याकडून कापून घेतला होता, म्हणजे ख्वाजाला आणि त्याच्या माणसांना खायला अडचण नको. ख्वाजाची बायको मेहमुदा सकाळीच पीठ चाळायला येऊन बसली होती. दोघींनी मिळून ऐंशी भाकऱ्या थापल्या. रस्सा मात्र बायडाबाईनं कुणाला हलवूही दिला नाही. तांबडा एका पातेल्यात, पांढरा दुसऱ्यात. तिच्या रश्श्याचं गावात नाव होतं, आणि ते तिलाही चांगलंच माहीत होतं.

साडेबाराला तिच्या माहेरची जीप आली. भाऊ, भावजय आणि मागं सहा माणसं. बहिणीच्या घराचा स्लॅब म्हणून मिस्त्रीला टॉवेल-टोपी, बहिणीला साडी, भाच्याला कपडे. शेडपुढं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, चहा झाला. चहा झाल्यावर भावानं पातेल्यांकडं बघून मिशीवरून हात फिरवला.

इथंच सगळी गोम होती. पाहुण्यांना आधी वाढलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण स्लॅबच्या दिवशी पहिली पंगत कामगारांची. ज्यांनी छप्पर घातलं ते जेवल्याशिवाय घरच्यांनी आणि पाहुण्यांनी तोंडात घास घालायचा नाही. रीत चांगली आहे. गरिबाच्या पानाला त्या एका दिवशी मान मिळतो. बायडाबाईनं ती कधी मोडली नव्हती आणि भावादेखत तर मोडणारच नव्हती. तेव्हा पाहुणे जेवायचे तर कामगार आधी जेवले पाहिजेत, आणि कामगार होते वर, निम्म्या स्लॅबवर.

एक वाजला. भाऊ हसत म्हणाला, "आक्का, का उद्या येऊ जेवाय?"

सगळे हसले. भावजय जरा जास्तच हसली. बाजेवर बसलेल्या हंबीररावांनी बायकोला नजरेनंच शिडी दाखवली.

बायडाबाई कासोटा सावरत निम्मी शिडी चढली. वर उन्हाचा नुसता कल्लोळ. मशीनचा आवाज, लिफ्टची घरघर, घमेली या हातातून त्या हातात. ख्वाजा गुडघ्यापर्यंत माखलेला, हातात माल दाबून बसवायची व्हायब्रेटरची नळी. तिनं पानं मांडल्याचं सांगितलं. ख्वाजा नळी न सोडता जवळ आला.

"वैनी, तीन तास द्या. निम्मा स्लॅब पडलाय. मधनं तोडला तर सांधा राहील."

"सांधा म्हंजी?"

"ह्यो माल घट्ट झाला की नवा माल त्याला धरत न्हाय. मग तिथनं पानी उतरतंय."

तिला ऐकू आलं नाही असं नाही. पाणी हा शब्द तर तिनं स्पष्ट ऐकला. पण खाली भाऊ मान वर करून बघत होता, आणि भावजय शेजारच्या बाईच्या कानाशी लागली होती. बायडाबाईचं कानशील तापलं.

"माझा भाऊ दारात उपाशी बसलाय आन् तुमी मला सांधा सांगताय व्हय?" ती खालपर्यंत ऐकू जाईल अशी बोलली. "रस्सा गार झाल्यावर काय म्हशीला पाजू? उतरा समदी खाली."

ख्वाजानं एकदा तिच्याकडं बघितलं. मग खाली भावाकडं बघितलं. त्यानं व्हायब्रेटर खाली ठेवला. माणसांची घमेली तोवर आपोआपच खाली ठेवली गेली होती. सकाळपासून रश्श्याचा वास त्यांच्या नाकात जात होता, त्यांना कोण बोल लावणार? मशीन बंद झालं. सगळे उतरल्यावर ख्वाजानं निम्म्या स्लॅबच्या कडेवर ओली पोती पसरली आणि शेवटी तो खाली आला.

पंगत मात्र झकास झाली. बायडाबाई स्वतः वाढत फिरली. नको म्हणणाऱ्याच्या वाटीत तिनं आणखी रस्सा ओतला, उठणाऱ्याला खांदा दाबून खाली बसवलं. भावानं मोठ्यानं सांगितलं की पन्हाळ्यापासून कोल्हापूरपर्यंत असा पांढरा रस्सा मिळायचा नाही. ख्वाजा एक भाकरी खाऊन उठला. तिनं पुन्हा वाढायला हात पुढं केला तर तो वाटीवर हात ठेवून म्हणाला, पोट भरलं वैनी.

जेवण अंगावर आलं. चिंचेखाली एक आडवा झाला, त्याला बघून दुसरा. मशीनवाला तर घोरायलाच लागला. ख्वाजा प्रत्येकाला हलवत फिरला. सगळे उठले तेव्हा मशीनचं इंजिन धरेना. दोरी ओढून ओढून दोघांचे खांदे गेले. शेवटी पुन्हा माल वर जायला लागला तेव्हा पावणेचार झाले होते. एप्रिलच्या उन्हात सांध्याची कड कधीच वाळून गेली होती. ख्वाजानं ती तारेच्या ब्रशनं घासली, बादलीतून सिमेंटचं पाणी ओतलं, हातानं चोळलं. दिवे लागायला स्लॅब पुरा झाला.

जाताना बायडाबाईनं मेहमुदाच्या हातात स्टीलचा मोठा डबा दिला. घरी मुलांना होईल म्हणाली. डबा काठोकाठ भरला होता.

पुढचे पंधरा-सोळा दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले. स्लॅबवर सिमेंटचे बांध घालून आळी केली होती, त्यांत पाणी साठवायचं. क्रांती पाइप धरायची आणि बायडाबाई अनवाणी त्या पाण्यात उभी राहायची. इथून हिरवा ऊस, पलीकडं नदीकाठची झाडं दिसत. तिला वाटायचं, आजवर पाणी आपल्या डोक्यावर होतं, आता पायाखाली आलं. क्रांतीला तिनं हे बोलूनही दाखवलं. क्रांती म्हणाली, आत्ती, तुम्ही घसरून पडाल, खाली चला.

अठराव्या दिवशी ख्वाजाच्या माणसांनी खालचे टेकू काढले, लोखंडी प्लेटा उतरवल्या. धूळ बसल्यावर बायडाबाई आत गेली. तिनं वर बघितलं.

स्वयंपाकघराच्या भिंतीपासून देवाच्या खोलीवरून सोप्यापर्यंत एक ओली रेघ गेली होती. भांगासारखी सरळ. रेघेच्या कडेनं पांढरी खार फुटली होती आणि मध्ये मध्ये थेंब धरले होते. एक थेंब तिच्यासमोर खाली पडला. मग त्याच जागी दुसरा.

तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. व्हायब्रेटर जिथं खाली ठेवला होता ती जागा तिला डोळे मिटूनही दाखवता आली असती. ती भराभर शेडमध्ये गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला बघते तर तिच्या हातात परात होती. तेहतीस वर्षांची सवय. तिनं परात थेंबाखाली ठेवली तशी टपटप सुरू झाली. नव्या घरात, कोरी भिंत अजून गिलाव्याची वाट बघतेय, आणि परात परत आपल्या जागेवर.

हंबीररावांनी रेघ बघितली. ऋतुराजनं मोबाइलवर तिचं शूटिंग केलं. बापलेकांनी जे बोलायचं ते तिथंच बोललं असतं तर बरं होतं. पण ख्वाजा त्या दिवशी धैर्यशीलच्या बंगल्यावर गेला होता. धैर्यशील म्हणजे गावच्या दूध संस्थेचा चेअरमन, त्याचे कॉलम उभे राहिले होते आणि महिन्यानं त्याचा स्लॅब होता. ख्वाजाही तिथं दूध घालायला येतो म्हणून हंबीरराव संध्याकाळी संस्थेवर गेले, किटल्या घेऊन सगळं गाव रांगेत उभं असतं त्या वेळेला. बायडाबाई तिच्या किटलीसह खिडकीशी होतीच.

ख्वाजा रांगेच्या शेवटी होता. हंबीररावांनी त्याला तिथून पुढं बोलावलं. म्हणाले, माझ्या घरात सिमेंट चोरलंस. ख्वाजा म्हणाला, दादा, प्रत्येक पोतं तुमच्या डोळ्यादेखत फुटलंय. मग गळतंय कशानं, हंबीररावांनी विचारलं. ऋतुराजनं मोबाइल चारजणांपुढं धरला. त्या रेघेकडं बघून लोक चुकचुकले.

ख्वाजानं मान वळवून खिडकीकडं बघितलं. बायडाबाईच्या हातातली किटली हिंदकळली आणि दूध तिच्या पायावर सांडलं. आता हा सांगणार, असं तिला वाटलं. सांगावं, असंही वाटलं. पण ख्वाजानं नजर काढून घेतली.

"येतो दादा. दुरुस्त करून देतो," तो म्हणाला.

लोकांनी त्याचा अर्थ एकच घेतला. चुकला नसता तर दुरुस्त कशाला करून देईल? धैर्यशील तिथंच खुर्चीत बसला होता. तो आवाज न चढवता म्हणाला, मिस्त्री, आमचं काम जरा थांबवू या, मी कळंब्याच्या एका कंत्राटदाराशी बोलतो. ख्वाजानं बरं म्हटलं, रांगेत मागं जाऊन उभा राहिला, आणि आपला नंबर आल्यावर चार लिटर दूध घालून घरी गेला.

बायडाबाईची त्यानंतर दैना झाली. हात कामात, जीव भलतीकडं. म्हशीला वैरण टाकून ती पाणी पाजायचं विसरली. भाकरी करपल्या. आपण थोडं आधी बोललो असतो, आत्ताही बोलू शकतो, उद्या बोलू, नको, घरातलं घरात राहू दे, असं तिचं स्वतःशीच चाललं होतं. ती नव्या घरात जाऊन वर बघायची. रेघ होती तिथंच असायची.

तिसऱ्या दिवशी मेहमुदा आली. बाहेरच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. तिनं स्टीलचा डबा पुढं केला. घासून लख्ख केलेला.

बायडाबाईनं घेतला तेव्हाच तिला वजनावरून कळलं. तरी तिनं झाकण काढलं. डबा रिकामा होता. वीस वर्षांत या दोन घरांत ताटली गेली असेल, वाटी गेली असेल, पण कुणी रिकामं भांडं परत केलं नव्हतं. काही नाही तर चिमूटभर साखर तरी असायची.

"त्येंनी मला सांगितलं न्हाय," मेहमुदा म्हणाली. "भाकरी थापाय मीबी तिथंच हुतो की वैनी. समदं ऐकलंय मी."

"मग का बोलत न्हाईत ते?"

"म्हंत्यात, बाईचा शब्द तिच्या भावादेखत राखला आन् खाली उतरलो. आता गावादेखत तिला खाली बघाय लावायचं न्हाय. माझंच चुकलं म्हंत्यात, मालकीन म्हनाली म्हनून मिस्त्रीनं उतरायचं नसतं." मेहमुदानं पदर खोचला. "त्येंचं असू दे. मला नुसता डबा द्यायचा हुता."

ती गेली. बायडाबाई डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मेहमुदा शिव्या देऊन गेली असती तर तिला सोसलं असतं. डब्याचं काय करायचं ते तिला कळेना, कुठं ठेवला तरी तो डोळ्यापुढं येत होता.

त्या संध्याकाळी धार काढता काढता तिनं विषय काढला. हंबीरराव म्हशीच्या पुढं आंबोण ठेवत होते. तिनं सरळ सांगितलं, ख्वाजानं तेव्हाच सांगितलं होतं, सांधा राहील म्हणून. मीच ऐकलं नाही. मी उद्या संस्थेवर सांगणार आहे.

हंबीररावांनी पाटी खाली ठेवली. त्यांना आश्चर्य वाटेल, राग येईल, असं काहीबाही तिनं धरलं होतं. त्यातलं काही झालं नाही.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"तुला शिडी कुनी दाखवली? मीच की. समदं ऐकत हुतो बाजंवर बसून." ते म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. "आता बोलून काय, आपलीच शोभा. भावाचंबी नाव निघंल. ख्वाजाचं काय, त्याला दुसरी कामं मिळतील. गप ऱ्हा."

बायडाबाईच्या हातातली धार थांबली. इतके दिवस तिला वाटत होतं, आपला नवरा समजून न घेता बोलला. म्हणजे सगळं समजून बोलला होता तर. संसाराच्या तेहतीस वर्षांत तिला त्याचा एवढा राग कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरचाच होता. म्हशीनं पाय हलवला तशी ती उठली. त्या दिवशी दूध अर्धंच निघालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती किटली घेऊन गेली. रांगेत नंबर आला, दूध घातलं, पावती घेतली आणि बाजूला न होता खिडकीशीच वळून उभी राहिली. धैर्यशील खुर्चीत होता. हंबीरराव पलीकडं तंबाखू मळत होते, त्यांच्या ते ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"आमचा स्लॅब गळतोय तो सिमेंटानं न्हाय," बायडाबाई म्हणाली. "मिस्त्री तीन तास मागत हुता. मी त्येला निम्म्या कामातनं जेवाय उतरवला. माझा भाऊ उपाशी बसला हुता म्हनून. सांधा माझा हाय, मिस्त्रीचा न्हाय."

रांग पुढं सरकायची थांबली. मग मागून कुणीतरी म्हणालं, म्हणजे रश्श्यापायी स्लॅब गेला म्हणायचा. एकजण हसला आणि मग रांगच्या रांग हसली. बायडाबाईचा चेहरा लालबुंद झाला, पण ती जागेवरून हलली नाही. हंबीररावांनी हातातली तंबाखू टाकून दिली आणि ते बाहेर निघून गेले.

हसू ओसरल्यावर धैर्यशील म्हणाला, "मग काकी, आमच्या स्लॅबला रस्सा तुमीच कराय पायजे."

तो चेष्टेनंच म्हणाला होता. तिनं मात्र खरंच धरलं.

"करतो की. पर वाढायचं कवा, ते मिस्त्री सांगनार. तुमी न्हाय."

याची किंमत तिनं मोजली. हंबीरराव चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत, जेवायचं ताटही क्रांतीच्या हातून घेत. भावाचा फोन आला, माझं नाव गावात कशाला काढलंस म्हणून. ऋतुराज म्हणाला, आई, काही गरज होती का? आणि गावानं तर त्यांच्या घराला नावच पाडलं, रश्श्याचं घर. पोरं रस्त्यानं जाताना वर बघून हसायची. क्रांती तेवढी काही बोलली नाही. तिनं रिकामा डबा उचलून आत फळीवर ठेवून दिला.

ख्वाजा आला तो पाचव्या दिवशी, छिन्नी-हातोडा घेऊन. वरून सांध्यावर त्यानं चर खोदला, खालून रेघ उकरली, औषध मिसळलेला माल दाबून दाबून भरला. तीन दिवस मान वर करून काम केलं, डोळ्यांत चुरा गेला. बायडाबाई शिडी धरून उभी राहायची. दोघं त्या गोष्टीबद्दल बोलले नाहीत. एकदाच त्यानं वरून सांगितलं, गळायचं थांबेल, पण रंगाखाली डाग दिसत राहील, वैनी, सांधा एकदा पडला की जात नाही. ती म्हणाली, दिसू दे.

खाली बाजेवरून हंबीरराव हे ऐकत होते. ते उठले, आत गेले आणि ख्वाजासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. माफी वगैरे त्यांच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. ख्वाजानं तांब्या घेतला आणि उभ्यानंच पाणी प्याला.

धैर्यशीलचा स्लॅब मेच्या शेवटाला पडला. बुधवार होता. त्याचा बंगला हंबीररावांच्या घराच्या दुप्पट, माणसंही दुप्पट. कळंब्याचा कंत्राटदार आलाच नव्हता, काम ख्वाजाकडंच राहिलं होतं. बायडाबाईनं पहाटेपासून चुली पेटवल्या. मेहमुदा भाकऱ्यांना आली. दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि पिठाबद्दल आणि जाळाबद्दल तेवढ्या बोलल्या.

बारापर्यंत रस्सा तयार झाला. बायडाबाईनं दोन्ही पातेल्यांवर झाकणं ठेवली, झाकणांवर एकेक दगड ठेवला आणि पळी मांडीवर घेऊन मध्ये पाटावर बसली.

साडेबाराला धैर्यशीलचे पाहुणे आले. दोन गाड्या, कोल्हापूरची माणसं, कडक इस्त्रीचे कपडे. एक वाजला. धैर्यशीलची बायको येऊन गेली. काकी, निदान पाहुण्यांना तरी वाढा. पहिली पंगत कामगारांची, बायडाबाई म्हणाली. दीड वाजता धैर्यशील स्वतः आला. पाहुण्यांत कोणी मोठे साहेब होते, त्यांना पुढं जायचं होतं. त्यानं वाकून दगड उचलायला हात घातला.

बायडाबाईनं पळी झाकणावर आडवी ठेवली.

"चेअरमन," ती म्हणाली, "माझ्या घरात डोकं वर करून बगा एकदा. मग काढा झाकन."

धैर्यशीलचा हात थांबला. तो मागं वळून पाहुण्यांकडं गेला, आणि साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, पण साहेब परत बसले. भूक सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती. वर मशीन चालू होतं, घमेली चालू होती. वरच्या माणसांनाही वास जात असणार. बायडाबाईच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. तरी ती उठली नाही. रश्श्याचा तवंग खाली गोठत चालला असेल, हे तिला न बघता कळत होतं. चुलीतले निखारे पांढरे पडले. मेहमुदा भाकऱ्यांवर कपडा टाकून शेजारी येऊन बसली.

अडीच वाजले. मशीन बंद झालं. एकदम एवढी शांतता झाली की म्हशीचं रवंथ ऐकू यावं. स्लॅबच्या कडेला ख्वाजा आला. डोक्याला बांधलेला टॉवेल सोडून त्यानं तोंड पुसलं आणि खाली बघितलं.

"वैनी, झालं. वाढा आता."

बायडाबाईनं दगड बाजूला केला, झाकण काढलं. रस्सा गार झाला होता, वर तुपासारखा थर धरला होता. तिनं चुलीत दोन ढलप्या सारल्या आणि फुंकर घातली. मेहमुदानं बाजूनं वाळका पाचोळा टाकला. जाळ झाला. माणसं शिडीवरून उतरून हातपाय धूत होती, पत्रावळ्या मांडल्या जात होत्या. पातेल्याच्या कडेनं बुडबुडे आले, मग मध्ये आले, मग तांबडा रस्सा पहिल्यासारखा खदखदायला लागला.

बायडाबाई त्या उकळीकडं बघत राहिली. मेहमुदानं विचारलं, काय झालं वैनी? बायडाबाईनं पळी रश्श्यात घातली आणि पहिली वाटी भरली. गार झालेला रस्सा गरम व्हायला दहाच मिनिटं लागली होती.